डोक्यात पाणी होणे : हायड्रोसेफॅलस हा आजार आणि फाईलवरचे कोड

नांदगाव तालुक्यातल्या एका वस्तीवरून आलेले ते कुटुंब. बाळ पाच महिन्यांचे, सोबत आई-वडील आणि आजोबा. आजोबांनी प्लास्टिकच्या पिशवीतून फाईल काढली, दोन कागद टेबलावर शेजारी शेजारी ठेवले आणि बोट ठेवून विचारले, "डॉक्टरसाहेब, या कागदावर जी एक्क्याण्णव लिहिलंय आणि त्या कागदावर क्यू शून्य तीन. नातवाला दोन आजार आहेत का?"

आजार एकच होता. पण दोन कागदांवर दोन कोड असल्यामुळे विम्याच्या कंपनीने दावा अडवून ठेवला होता, आणि घरात मात्र "दुसरा आजार डॉक्टरांनी आपल्यापासून लपवला" अशी कुजबुज सुरू झाली होती. हा लेख त्या आजोबांच्या प्रश्नातून लिहिला आहे. आधी आजार समजून घेऊ, मग कोड. आजार कळल्याशिवाय कोड कळत नाही.

हे पाणी कुठले?

डोक्यातले 'पाणी' म्हणजे आपण पितो ते पाणी नव्हे. मेंदूच्या आत चार पोकळ्या असतात. त्यांच्या भिंतींवरच्या रक्तवाहिन्यांच्या झुबक्यांतून एक स्वच्छ, रंगहीन द्रव सतत तयार होतो. त्याला मस्तिष्क-मेरुद्रव म्हणतात, डॉक्टर बोलताना 'सीएसएफ' म्हणतात. मोठ्या माणसात दिवसाला साधारण ५०० मिलिलिटर, म्हणजे अर्धा लिटर द्रव तयार होतो. पण कोणत्याही क्षणी डोक्यात आणि मणक्यात मिळून तो जेमतेम १५० मिलिलिटर असतो. म्हणजे दिवसातून तीन-चार वेळा तो पूर्ण बदलतो. वरच्या दोन मोठ्या पोकळ्यांतून तो तिसरीत, तिथून एका अरुंद नळीतून चौथीत, मग मेंदूच्या बाहेरच्या बाजूला आणि मणक्याभोवती पसरतो आणि शेवटी डोक्यातल्या मोठ्या शिरांमध्ये शोषला जातो.

शेतकऱ्याला हे लगेच समजते. पाटाला पाणी सुटलेले आहे आणि पुढची मोरी गाळाने बुजली, तर पाणी थांबत नाही, ते मागच्या वावरात शिरते. इथेही तसेच होते. द्रव तयार होणे थांबत नाही. वाट अडली किंवा पुढे शोषण नीट झाले नाही की तो पोकळ्यांत साठतो, पोकळ्या फुगतात आणि मेंदू आतून दाबला जातो. यालाच हायड्रोसेफॅलस म्हणतात. मराठी पुस्तकांत 'जलशीर्ष' असा शब्द सापडेल, बोलण्यात आपण 'डोक्यात पाणी झालं' असेच म्हणतो.

वाट मध्येच अडली असेल तर त्याला 'अडथळ्याचा', म्हणजे ऑब्स्ट्रक्टिव्ह हायड्रोसेफॅलस म्हणतात. सगळ्या पोकळ्या एकमेकींशी जोडलेल्या आहेत पण शेवटी शोषण होत नाही, तो कम्युनिकेटिंग. हा फरक लक्षात ठेवा. उपचार आणि कोड दोन्ही इथूनच ठरतात.

बाळाच्या आईला एक गोष्ट मी दर वेळी मुद्दाम सर्वांसमोर सांगतो. न्हाऊ घालताना टाळूतून पाणी आत गेल्याने हा आजार होत नाही. ग्रहणात विळी हातात घेतल्याने होत नाही. गरोदरपणात जास्त पाणी प्यायल्यानेही होत नाही. असे बोल लावणारे घरात कोणी ना कोणी असतेच, आणि ते ऐकून गप्प बसलेली आई मी बऱ्याचदा पाहिली आहे.

खरी कारणे वेगळी आहेत. काही बाळांत तिसऱ्या आणि चौथ्या पोकळीमधली ती अरुंद नळी जन्मतःच आकसलेली असते. काहींच्या पाठीवर मणक्याची फट आणि गाठ असते, म्हणजे स्पायना बायफिडा, आणि त्यासोबत डोक्यात पाणी होते. महिने भरण्याआधी जन्मलेल्या नाजूक बाळांत मेंदूत रक्तस्राव होऊन वाट बुजते. मेंदूज्वरानंतर होते. आपल्याकडे मेंदूचा क्षयरोग हे मुले आणि तरुण दोघांतही फार महत्त्वाचे कारण आहे. मेंदूतली गाठ, डोक्याला मार, मेंदूतला रक्तस्राव यांनीही होते. म्हातारपणी होणारा एक प्रकार तर अगदीच निराळा आहे. त्याबद्दल खाली स्वतंत्र लिहिले आहे.

बाळात ओळखायचे कसे

वर्षाच्या आतल्या बाळाच्या कवटीची हाडे अजून सांधलेली नसतात. त्यामुळे आत दाब वाढला की डोके मोठे होत जाते. टाळू ताणलेली, फुगलेली लागते, एरवी बाळ शांत बसलेले असताना ती सपाट किंवा किंचित खोलगट असते. डोक्यावरच्या शिरा ठळक दिसतात. डोळे खाली वळलेले आणि बुबुळाच्या वर पांढरा भाग दिसतो, डॉक्टर याला 'मावळता सूर्य' म्हणतात. बाळ किरकिरे होते, दूध कमी पिते, ओकते, सुस्त पडते.

टाळूतला बदल डॉक्टरांच्याही आधी कुणाच्या लक्षात येत असेल, तर तो बाळाला तेल लावून न्हाऊ घालणाऱ्या बाईच्या. तिचा हात रोज टाळूवरून फिरत असतो. "टाळू भरल्यासारखी लागतेय" असे ती म्हणाली तर तिला गप्प करू नका, बाळाला दाखवायला न्या.

डोक्याचा घेर मोजायला साधी शिंप्याची टेप चालते. भुवयांच्या वरून आणि मागे डोक्याच्या सर्वांत फुगीर भागावरून टेप फिरवायची, तीनदा मोजायचे आणि सर्वांत मोठा आकडा लिहायचा. पूर्ण दिवसांच्या बाळाचा घेर जन्मतः साधारण ३३ ते ३६ सेंटिमीटर असतो. पहिले तीन महिने तो महिन्याला सुमारे २ सेंटिमीटर वाढतो, पुढचे तीन महिने १ आणि त्यानंतर वर्षापर्यंत साधारण अर्धा. एका मोजमापावरून काही ठरत नाही, वेग महत्त्वाचा. आठवड्याला एक सेंटिमीटरहून जास्त वाढ दिसली तर पुढच्या लसीकरणाच्या दिवसापर्यंत थांबायचे नाही. दवाखान्यात बाळ जन्मले असेल तर आशाताई तिसऱ्या, सातव्या, चौदाव्या, एकविसाव्या, अठ्ठाविसाव्या आणि बेचाळिसाव्या दिवशी घरी येतात. वजन होतेच, त्याच वेळी डोक्याचा घेरही मोजून तारखेसह वहीत लिहून ठेवायला सांगा.

सगळीच मोठी डोकी आजारी नसतात, हेही सांगायला हवे. वडिलांचे, आजोबांचे डोके मोठे असेल तर बाळाचेही असते. अशा वेळी मी आधी वडिलांच्या डोक्याला टेप लावतो. घरचे हसतात, पण त्यातून बरेच कळते.

मोठ्या मुलांत आणि माणसांत कवटी घट्ट झालेली असल्याने डोके वाढत नाही, दाब वाढतो. सकाळी उठल्यावर डोके दुखणे, उलटी झाली की थोडे बरे वाटणे, एकाचे दोन दिसणे, तोल जाणे, शाळेत लक्ष न लागणे, आणि शेवटी ग्लानी. मुलाची सकाळची उलटी महिनाभर 'पित्त' म्हणून चालवून घेऊ नये.

तपासण्या

टाळू उघडी असेपर्यंत तिच्यावरून सोनोग्राफी करता येते. दुखत नाही, किरणोत्सर्ग नाही, भूल लागत नाही. नंतर सिटी स्कॅन. वाट नेमकी कुठे अडली आणि कशामुळे, हे एमआरआय सर्वांत चांगले सांगतो. जंतुसंसर्गाची शंका असेल तर पाठीच्या मणक्यातून पाणी काढून तपासतात. या तपासणीने माणूस लुळा होतो ही भीती निराधार आहे. मात्र वाट अडलेली असून मेंदूवर दाब असताना ती धोक्याची ठरू शकते, म्हणून डॉक्टर आधी स्कॅन बघतात.

स्कॅनच्या रिपोर्टात 'पोकळ्या मोठ्या' इतकेच लिहिलेले असेल तर लगेच हायड्रोसेफॅलस समजू नका. उतारवयात किंवा मोठ्या आजारानंतर मेंदूच आक्रसतो आणि रिकामी जागा पाण्याने भरते. तिथे दाब नसतो आणि शस्त्रक्रियेचा उपयोगही नसतो.

पोटातल्या बाळाचेही असेच आहे. १८ ते २० आठवड्यांच्या सोनोग्राफीत पोकळीची रुंदी १० मिलिमीटर किंवा जास्त आली तर तिला व्हेंट्रिक्युलोमेगाली म्हणतात. १० ते १२ मध्ये, दुसरा काही दोष नसेल तर, बहुतेक बाळे पुढे चांगली निघतात. १५ च्या वर गेली तर बाब गंभीर. अशा रिपोर्टानंतर घाईने काही ठरवू नका, फीटल मेडिसिनच्या डॉक्टरांकडून पुन्हा सोनोग्राफी करून घ्या. गर्भात गंभीर दोष असल्यास २४ आठवड्यांनंतरचा निर्णय कायद्याने वैद्यकीय मंडळ घेते. म्हणून तारखांना महत्त्व आहे.

आता कोड

जगभरच्या रुग्णालयांनी आजारांची नोंद एकसारखी करावी म्हणून जागतिक आरोग्य संघटनेने आजारांची एक यादी केली आहे. तिला आयसीडी म्हणतात. तिची दहावी आवृत्ती १९९० मध्ये मंजूर झाली आणि आपल्याकडच्या बहुतेक डिस्चार्ज कार्डांवर आजही तीच दिसते. कोडच्या सुरुवातीला एक इंग्रजी अक्षर, मग दोन आकडे, मग टिंब आणि पुढे आणखी एक आकडा. अक्षर म्हणजे यादीतले प्रकरण. 'जी' म्हणजे मज्जासंस्थेचे आजार. 'क्यू' म्हणजे जन्मजात दोष.

आजोबांच्या प्रश्नाचे उत्तर इथेच आहे. जन्मानंतर झालेला हायड्रोसेफॅलस जी९१ मध्ये जातो आणि जन्मतः असलेला क्यू०३ मध्ये. आजार तोच, घर वेगळे.

जी९१ च्या पुढचा आकडा प्रकार सांगतो. जी९१.० म्हणजे कम्युनिकेटिंग, जी९१.१ म्हणजे अडथळ्याचा, जी९१.२ म्हणजे म्हातारपणी दिसणारा 'नॉर्मल प्रेशर' प्रकार, जी९१.३ म्हणजे डोक्याला मार लागल्यानंतरचा. जी९१.८ हा 'इतर' आणि जी९१.९ म्हणजे प्रकार लिहिलेला नाही. क्यू०३ मध्ये क्यू०३.० म्हणजे ती अरुंद नळी जन्मतः सदोष असणे, क्यू०३.१ म्हणजे चौथ्या पोकळीची दारे बंद असणे, यात डँडी-वॉकर येतो. क्यू०३.९ म्हणजे जन्मजात आहे पण नेमका प्रकार नोंदलेला नाही. पाठीवरच्या गाठीसोबत डोक्यात पाणी असेल तर कोड क्यू०३ नव्हे, क्यू०५ चा लागतो: क्यू०५.० ते क्यू०५.४ पाणी असलेले, क्यू०५.५ पासून पुढे पाणी नसलेले. नवजात बाळात जन्मानंतर, उदाहरणार्थ रक्तस्रावामुळे, झालेल्या आजारासाठी पी९१.७ असा आणखी एक कोड आहे.

त्या बाळाच्या बाबतीत झाले असे की पहिल्या रुग्णालयात सिटी स्कॅनवरून केस पेपरवर 'ऑब्स्ट्रक्टिव्ह हायड्रोसेफॅलस' इतकेच लिहिले गेले. नोंदणी करणाऱ्याने शब्द वाचून जी९१.१ टाकला. त्याचे काही चुकले नाही, त्याच्यासमोर तेवढेच शब्द होते. पुढे एमआरआयमध्ये नळी जन्मतःच आकसलेली दिसली आणि दुसऱ्या रुग्णालयाने क्यू०३.० लिहिले. दोन्ही कागद आपापल्या जागी खरे. शस्त्रक्रिया करणाऱ्या डॉक्टरांनी अर्ध्या पानाचे पत्र दिले: आजार एकच, आधीची नोंद अपुऱ्या तपासणीवरची, अंतिम निदान अमुक. तेवढ्यावर काम झाले.

कोड डॉक्टर क्वचितच टाकतात. ते काम बहुधा रेकॉर्ड विभागातला किंवा विम्याच्या टेबलावरचा माणूस करतो, आणि तो डॉक्टरांच्या शब्दांवर अवलंबून असतो. म्हणून डिस्चार्ज घेताना कोड बघण्याआधी निदानाची ओळ बघा. तीत प्रकार, कारण आणि जन्मजात की नंतरचा, हे तिन्ही असले तर कोड बहुतेक बरोबर येतो. नुसते 'हायड्रोसेफॅलस' असेल तर जी९१.९ ठरलेलाच.

क्षयरोगामुळे पाणी झाले असेल तर दोन कोड दिसतील आणि ते तसेच असायला हवेत. ए१७.० हा मेंदूच्या आवरणाच्या क्षयरोगाचा, म्हणजे मूळ कारणाचा. त्याच्यापुढे यादीत कट्यारीची खूण असते. जी९४.० हा संसर्गामुळे झालेल्या हायड्रोसेफॅलसचा, त्याच्यापुढे तारका. कट्यार कारणाला, तारका परिणामाला. अशा वेळी फाईलवर फक्त हायड्रोसेफॅलस लिहून क्षयरोग राहून गेला, तर पैशांपलीकडचे नुकसान होते. पुढच्या गावातला डॉक्टर कागद वाचून क्षयरोगाची औषधे चालू ठेवायची हे ध्यानात घेणार नाही, आणि ही औषधे साधारण वर्षभर चालतात.

शंट बसवल्यावर आणखी काही कोड येतात. झेड९८.२ म्हणजे 'या माणसाच्या अंगात द्रव वाहून नेणारी नळी आहे' एवढीच माहिती, तो आजार नव्हे. टी८५.० म्हणजे शंट बंद पडणे, तुटणे किंवा सरकणे. गरोदर बाईच्या कागदावर ओ३५.० दिसला तर तो पोटातल्या बाळाच्या मेंदूच्या दोषाच्या शंकेचा, आईच्या आजाराचा नाही.

इंटरनेटवर शोधताना एक काळजी घ्या. तिथे बहुतेक पाने अमेरिकेच्या सुधारित यादीची असतात. दुसऱ्या आजारांमुळे झालेल्या पाण्यासाठी तिथे जी९१.४ हा कोड आहे, जो मूळ यादीत नाही. काही मोठ्या खासगी रुग्णालयांच्या सॉफ्टवेअरमध्येही हीच यादी असते. शिवाय अकरावी आवृत्ती १ जानेवारी २०२२ पासून लागू झाली आहे. तीत हायड्रोसेफॅलस ८डी६४ आणि जन्मजात प्रकार एलए०४ आहे. पुढच्या काही वर्षांत असे आकडे दिसू लागले तर आजार बदलला असे समजू नका.

विमा आणि योजना

कोडवरून सर्वांत जास्त भांडण होते ते इथे. क्यू दिसला की 'जन्मजात आहे, मिळणार नाही' असे काउंटरवर सांगितले जाते. विमा नियामक प्राधिकरणाने २०१९ मध्ये जे नियम केले त्यांनुसार शरीराच्या आतले जन्मजात आजार पॉलिसीतून सरसकट वगळता येत नाहीत. बाहेरून दिसणाऱ्या दोषांची गोष्ट वेगळी आहे. आधीपासूनच्या आजाराला प्रतीक्षा काळ असू शकतो, पण एप्रिल २०२४ पासून तो जास्तीत जास्त ३६ महिने. दावा नाकारला तर नकार लेखी मागा आणि त्यात पॉलिसीचे कोणते कलम लावले ते लिहून घ्या.

काही जण मला म्हणतात, "क्यू काढून जी टाका ना." तसे करता येत नाही. चुकलेला कोड दुरुस्त करून देणे हे डॉक्टरांचे काम आहे, बरोबर असलेला बदलणे नाही. पुढे एमआरआयचा रिपोर्ट आणि कोड जुळले नाहीत की सगळाच दावा संशयास्पद ठरतो.

महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजना आणि आयुष्मान भारत यांत कुटुंबाला वर्षाला ५ लाख रुपयांपर्यंत संरक्षण आहे. इथे मंजुरी पॅकेजवर मिळते आणि पॅकेजचा क्रमांक आयसीडीहून वेगळा असतो. एका कागदावर दोन प्रकारचे आकडे दिसतात ते यामुळे. रेशनकार्ड, आधार आणि स्कॅन घेऊन रुग्णालयातल्या आरोग्यमित्राला भेटा. शस्त्रक्रियेआधी भेटा. पैसे भरून झाल्यावर ते परत मिळवणे फार अवघड. फुले योजनेची चौकशी १५५३८८ वर करता येते.

हायड्रोसेफॅलस हे नाव दिव्यांगत्वाच्या २१ प्रकारांच्या यादीत नाही. पण त्यामुळे चालण्यात, दृष्टीत किंवा बुद्धीत कमतरता राहिली असेल तर त्या कमतरतेवर प्रमाणपत्र मिळते. तिथे कोड दाखवून उपयोग नाही, तपासणीच लागते.

उपचार

'औषधाने पाणी सुकेल का?' हा पहिला प्रश्न असतो. क्षयरोगासारख्या काही स्थितींत पाणी कमी करणारे औषध थोडे दिवस देतात. कायमचा उपाय म्हणून औषध चालत नाही. अपुऱ्या दिवसांच्या बाळांत रक्तस्रावानंतर अशी औषधे देऊन पाहिलेल्या मोठ्या चाचणीत बाळांचे नुकसानच जास्त झाले.

सर्वांत प्रचलित उपाय म्हणजे शंट. मेंदूच्या पोकळीतून कातडीखालून पोटापर्यंत जाणारी सिलिकॉनची बारीक नळी आणि तिच्यात एकाच दिशेने उघडणारी झडप. पोटात आलेला द्रव तिथे शोषला जातो. ही झडप प्रत्यक्षात आणणाऱ्यांत एक वडील होते. अमेरिकेतल्या जॉन होल्टर या यंत्र-कारागिराच्या मुलाला १९५५ मध्ये जन्मतः हा आजार होता. सर्जन युजीन स्पिट्झ यांच्याकडून अडचण समजून घेऊन त्याने झडप बनवली, आणि १९५६ पासून ती वापरात आली. आपल्याकडे उत्तर प्रदेशातल्या शाहजहानपूरला बनणारा छाब्रा शंट बऱ्याच सरकारी रुग्णालयांत वापरतात. 'स्वस्त आहे, चांगला नसेल' असे घरच्यांना वाटते. युगांडात १९५ मुलांवर तो आणि त्याच्या कितीतरी पट महाग असलेला परदेशी शंट यांची तुलना झाली. २००५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्या अभ्यासात वर्षभरानंतरच्या निकालात लक्षणीय फरक आढळला नाही. तेव्हा महाग शंटसाठी जमीन गहाण टाकायची वेळ येत असेल, तर आधी डॉक्टरांना स्पष्ट विचारा.

दुसरा उपाय दुर्बिणीचा, म्हणजे ईटीव्ही. तिसऱ्या पोकळीच्या तळाला बारीक भोक पाडून द्रवाला दुसरी वाट करून देतात. अंगात काही ठेवावे लागत नाही. अडथळ्याच्या प्रकारात आणि मोठ्या मुलांत तो चांगला चालतो, सहा महिन्यांच्या आतल्या बाळात कमी. शंट की ईटीव्ही, हे वय, कारण आणि आधी शंट होता का यांवर ठरते.

शंट म्हणजे एकदा बसवून विसरायची वस्तू नाही. मुलांमधले दहापैकी जवळजवळ चार शंट पहिल्या वर्षातच कुठे ना कुठे बिघडतात. ही सर्जनची चूक असतेच असे नाही. डोकेदुखी, उलट्या, झोपेतून नीट न उठणे, झटका, लहान बाळात टाळू पुन्हा फुगणे, ही शंट बंद पडल्याची लक्षणे. ताप, नळीच्या रेषेवर लाली किंवा सूज, पोटदुखी असेल तर संसर्गाची शंका घ्या, विशेषतः शस्त्रक्रियेनंतरच्या पहिल्या काही महिन्यांत.

नांदगावकरांसाठी यात अंतराचा प्रश्न आहे. मेंदूच्या शस्त्रक्रियेसाठी नाशिक, धुळे, छत्रपती संभाजीनगर नाहीतर मुंबई गाठावी लागते. मूल सुस्त असेल तर सकाळच्या गाडीची वाट बघू नका, १०८ ला फोन करा आणि निघण्याआधी शंट बसवलेल्या रुग्णालयाला कळवा. घरात एक कागद कायम दाराजवळ ठेवा: शंट कोणत्या तारखेला, कोणत्या बाजूला, कोणत्या कंपनीचा, किती दाबाचा, आणि मूल बरे असतानाचा शेवटचा स्कॅन. तो स्कॅन फार मोलाचा. आजच्या पोकळ्या मोठ्या झाल्या की तशाच आहेत, हे जुने चित्र शेजारी असल्याशिवाय सांगता येत नाही. झडप बाहेरून चुंबकाने बदलता येणारी असेल तर एमआरआयनंतर तिचा दाब तपासून घ्यावा लागतो, तेही त्या कागदावर लिहा.

सर्व लसी वेळेवर द्या. मूल शाळेत जाईल, खेळेल. डोक्यावर थेट मार बसणारे खेळ तेवढे डॉक्टरांना विचारून. शंट असलेल्या मुलींची लग्ने होतात, बाळंतपणेही होतात. गरोदरपणी स्त्रीरोगतज्ज्ञाला आणि न्यूरोसर्जनला दोघांनाही आधी सांगावे इतकेच.

आजोबा-आजींचा हायड्रोसेफॅलस

साठीनंतर माणूस पाय जमिनीला चिकटल्यासारखे, लहान लहान पावले टाकत चालू लागतो. मग लघवीवर ताबा राहत नाही. मग विसरायला होते. घरात याला 'वय झालं' म्हणतात, दवाखान्यात कधी पार्किन्सन तर कधी स्मृतिभ्रंश. यातल्या काहींना नॉर्मल प्रेशर हायड्रोसेफॅलस असतो, कोड जी९१.२. कोलंबियाचे सॉलोमन हकीम यांनी तो ओळखला आणि १९६५ मध्ये रेमंड ॲडम्स यांच्यासह जगापुढे आणला. तपास सोपा आहे. आजोबांना चालायला लावून वेळ मोजायची, पाठीतून ३० ते ५० मिलिलिटर द्रव काढायचा आणि पुन्हा चालायला लावायचे. चाल सुधारली तर शंटचा फायदा होण्याची शक्यता चांगली. चालणे आधी बिघडले असेल आणि विसरणे नंतर आले असेल तर निकाल बरा लागतो, फक्त विसरणेच असेल तर सहसा नाही.

पुढचे बाळ

आधीच्या बाळाला पाठीच्या मणक्याचा दोष असेल तर पुढच्या खेपेस फॉलिक ॲसिडची मोठी मात्रा घ्यावी लागते, आणि ती दिवस राहण्याच्या किमान एक महिना आधीपासून. १९९१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या ब्रिटिश चाचणीत रोज ४ मिलिग्रॅम घेतल्याने असा दोष पुन्हा होण्याचे प्रमाण ७२ टक्क्यांनी घटले. दिवस राहिल्याचे कळल्यावर गोळी सुरू केली तर बहुधा उशीर झालेला असतो, कारण मणका पहिल्या चार आठवड्यांतच मिटतो.

मणक्याचा दोष नाही, पण बाळ मुलगा आहे, नळी जन्मतः आकसलेली आहे आणि आईच्या भावाला किंवा मामाला असाच त्रास होता, अशी हकीकत असेल तर ती डॉक्टरांना जरूर सांगा. आईकडून मुलग्यांत उतरणारा एक प्रकार आहे आणि त्याची रक्ताची जनुकीय तपासणी होते. अशा मुलांचे दोन्ही अंगठे पुष्कळदा तळहातात दुमडलेले असतात. त्या पाच महिन्यांच्या बाळाचे अंगठे मी पाहिले, ते सरळ होते.